माझा मुलगा एका रात्रीत हुशार कसा झाला? अमेरिकी सॉकर महासंघाला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन

स. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या क्लबच्या निवड चाचणीनंतर माझ्या मुलाला 'बी' संघात टाकलं. का, म्हणून विचारलं तर कोच म्हणाले, चेंडू पायात छान राहतो, पण पोरगा हळू आहे, धक्का लागला की पडतो. यंदाच्या मे महिन्यात तोच मुलगा, त्याच मैदानावर, त्याच कोचसमोर खेळला आणि 'ए' संघात आला. वर्षभरात कमालीची सुधारणा झाली म्हणे. झालीही असेल, आईला ऐकायला गोडच वाटतं. पण मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासते. एखादा आकडा अचानक उडी मारून वर गेला की मी आधी बघते, मध्ये नियम बदललाय का.

नियम बदलला होता. २०१५ साली तुम्ही जाहीर केलंत की मुलांचे गट यापुढं ऑगस्ट ते जुलै असे न धरता जन्मवर्षावर, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर असे धरायचे आणि २०१७ पर्यंत सगळ्या देशानं ते लागू करायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुम्हीच ती सक्ती उठवलीत आणि ज्या त्या संघटनेनं आपलं आपण ठरवावं, असं सांगितलंत. मग यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या तीन मोठ्या संघटनांनी ठरवलं की २०२६-२७ च्या हंगामापासून गट पुन्हा १ ऑगस्ट ते ३१ जुलै. दहा वर्षांत जिथून निघालो तिथंच परत.

माझा मुलगा सप्टेंबर २०१४ चा. कालपर्यंत २०१४ च्या गटात तो शेपटाकडं होता. जानेवारीत जन्मलेली मुलं त्याच्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी, वीतभर उंच. आता ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१५ या गटात तो जवळजवळ सगळ्यात थोरला आहे. त्याचा जिवलग मित्र जुलै २०१४ चा. एका वर्गात, एका बाकावर बसणारी ही दोन मुलं, दोन महिन्यांचं अंतर. तो मित्र वरच्या गटात गेला, तिथं सगळ्यात धाकटा ठरला आणि 'ए' संघातून 'बी' मध्ये उतरला. गाडीत बसल्यावर माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, मी मोठा नाही झालो गं. बाकीचे लहान झाले."

त्याला जे कळलं ते तुमच्या टॅलेंट आयडेंटिफिकेशनच्या यंत्रणेला इतकी वर्षं कळू नये, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत तुम्हाला टपालानं पाठवली आहे. ही मराठी प्रत इथल्या मराठी आईबापांसाठी आहे, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत दर शनिवारी घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांत आपली माणसं आता पुष्कळ आहेत. ही व्यवस्था आपल्या चेकवरही चालते. तेव्हा जे ऐकवायचं ते आपणही ऐकावं.

मी कोण, तेही सांगते. मी कोल्हापूरची. क्रिकेटवेड्या देशातलं हे फुटबॉलवेडं गाव. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा, नाहीतर दिलबहार आणि प्रॅक्टिस अशी तालीम-संघांची लढत असली की पेठेत दुसरा विषय निघत नाही. माझा भाऊ गांधी मैदानावर अनवाणी खेळायला शिकला. त्याचे पहिले बूट तालमीतल्या एका थोरल्या खेळाडूचे, दोन नंबर मोठे, पुढं वर्तमानपत्र कोंबलेलं. त्याच्याकडून कुणी कधी फी मागितली नाही. मागितली असती तर वडिलांनी दुसऱ्या दिवशीच खेळ बंद केला असता. तालीम वर्गणीवर चालायची. किराणा दुकानदार, गवळी, रिक्षावाले द्यायचे आणि त्या वर्गणीच्या जोरावर सामन्याला येऊन माझ्या भावाला शिव्याही द्यायचे.

कोल्हापूरचं सगळं गोड होतं असं मुळीच नाही. उन्हाळ्यात मैदान दगडासारखं, पेठांच्या ईर्ष्येतून हाणामाऱ्या, शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाच्या नावानं शंख. आणि मुलींना जागा कुंपणाबाहेर. मी कुंपणाबाहेरच होते. म्हणून इथं आल्यावर माझी मुलगी पाचव्या वर्षी शिनगार्ड लावून मैदानात उतरली तेव्हा या देशाबद्दल मला जे वाटलं ते खोटं नव्हतं. शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभावाला बंदी करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा नसता तर या देशातल्या मुलीही कदाचित कुंपणाबाहेरच राहिल्या असत्या. चार विश्वचषक जिंकणारा महिला संघ ज्या महासंघाचा आहे त्याच्यावर दात ठेवून मी लिहीत नाही.

पण त्याच मुलीपासून तक्रार सुरू होते.

ती नोव्हेंबर २००६ ची. चार वर्षं एकाच वर्गातल्या पोरी एकत्र खेळल्या. २०१६ मध्ये जन्मवर्षाचा नियम आला आणि तो संघ कॅलेंडरच्या मध्यावर कात्री लावल्यासारखा फाटला. २००७ च्या मुली एकीकडं आणि माझी मुलगी एक इयत्ता पुढच्या मुलींबरोबर. ती नऊ वर्षांची होती, सावरली. खरा फटका बसला चार वर्षांनी. २०२० च्या शरद ऋतूत तिच्या संघातल्या बहुतेक मुली हायस्कूलमध्ये गेल्या. न्यू जर्सीत हायस्कूलचा सॉकर हंगाम शरदातच असतो, तेव्हा त्या वयाचे क्लब संघ त्या काळात विसर्जित होतात. माझी मुलगी आठवीत. शाळेचा संघ नाही, क्लबचा संघ नाही. अशा मुलांना इथं 'ट्रॅप्ड प्लेअर' म्हणतात, अडकलेला खेळाडू. एखाद्या चुकीला नाव पडतं तेव्हा ती चूक एकट्यादुकट्याच्या वाट्याला आलेली नसते. त्यातून ते कोविडचं वर्ष. तिनं गॅरेजच्या दारावर चेंडू मारत ऑक्टोबर काढला आणि वसंतात परत गेली नाही. आज ती कॉलेजात आहे. पळते. चेंडूशिवाय.

आता मुलाच्या वेळी पुन्हा शालेय वर्ष. कारण काय, तर मुलं आपल्या वर्गमित्रांबरोबर खेळावीत. हेतू उत्तम आणि माझ्या मुलीसारख्या हजारो जणी यामुळं वाचतील, ते मी मान्य करते. पण न्यू जर्सीत पुष्कळ शाळांची प्रवेशाची तारीख १ ऑक्टोबर आहे, १ ऑगस्ट नव्हे. म्हणजे आमच्याकडची ऑगस्ट-सप्टेंबरची मुलं या नव्या नियमानं आपल्याच वर्गमित्रांपासून तुटली. एका घरात दोन मुलं, दोन नियम, दोघांचेही संघ मोडले. कुठंही रेघ मारली तरी कुणीतरी काठावर येणारच, हे मला कळतं. माझा राग रेघेवर नाही. रेघ ओढून झाल्यावर तिच्या अलीकडच्यांना गुणी आणि पलीकडच्यांना सामान्य म्हणायचं, यावर आहे.

हे काही माझं संशोधन नाही. गटातली थोरली मुलं निवडली जातात, निवडली म्हणून त्यांना चांगला कोच आणि जास्त सराव मिळतो, आणि जास्त सराव मिळाला म्हणून ती खरोखर चांगली होतात. मग आपण म्हणतो, बघा, आमची पारख किती अचूक होती. खेळाच्या अभ्यासकांनी याला 'रिलेटिव्ह एज इफेक्ट' असं नाव देऊन कित्येक वर्षं झाली. बेल्जियमसारख्या चिमुकल्या देशानं उशिरा अंगात भरणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे युवा संघ काढले, का, तर त्यांच्याकडं वाया घालवायला मुलं नाहीत. आपल्याकडं खूप आहेत, म्हणून वाया घालवतो, असं वाटतं.

दुसरी तक्रार पैशांची, आणि ती पहिलीहून मोठी आहे.

'बी' संघाची वर्षाची फी २,४०० डॉलर होती. 'ए' संघाची ३,३०० आहे, कारण ती लीग लांब लांब प्रवास करते. गणवेशाचे ३८० वेगळे आणि दोन वर्षांनी रंगाची छटा बदलते, त्यामुळं धाकट्याला थोरल्याचा शर्ट चालत नाही. स्पर्धांचं शुल्क वेगळं. गेल्या वर्षी शेजारच्या राज्यातल्या एका स्पर्धेला आम्ही नातेवाइकांकडं राहणार होतो. कळलं की आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच खोली घ्यायची, नाहीतर संघाचा प्रवेश रद्द. चुलत नणंदेचं घर मैदानापासून दहा मिनिटांवर, आणि आम्ही दोन रात्रींचे पैसे भरून महामार्गाकाठच्या हॉटेलात कागदी बशीत वॅफल खाल्ले.

आम्ही भरू शकतो. दोघं कमावतो, कुरकुरतो आणि भरतो. पण 'सी' संघातल्या मुलाचा बापही जवळपास तेवढेच भरतो आणि त्याच्या पोराला मिळतो एक कॉलेजमधला पोरगा, जो मोबाइलमधून मान वर काढून अधूनमधून "गुड जॉब" म्हणतो. खालच्या संघांच्या फीवर वरच्या संघांचा डौल चालतो, हे मैदानाच्या कडेला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ना-नफा संस्था म्हणून नोंदवलेल्या क्लबांना आयकर खात्याकडं फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. सवयीनं मी आमच्या परिसरातल्या काही क्लबांचे चाळले. कुणाचं नाव घेत नाही, कारण कायद्यानं चुकीचं असं काही मला दिसलं नाही. एका ठिकाणी गरजू मुलांसाठी वेगळी दाखवलेली रक्कम मुख्य संचालकाच्या एका महिन्याच्या पगाराइतकीही नव्हती, एवढंच नोंदवते. बाकीच्या ठिकाणी तर तो रकानाच सापडला नाही.

या पैशांमुळं कोण बाहेर राहतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्यापासून अर्ध्या तासावर न्यू ब्रन्स्विक. तिथं मेक्सिकोतल्या ओआखाकाहून आलेली वस्ती मोठी आहे. रविवारी दुपारी रॅरिटन नदीकाठच्या पार्कात ही कुटुंबं जमतात. बाया मक्याची कणसं भाजतात, बाप्ये सामने खेळतात आणि कडेला पोरं दोन सॅका ठेवून गोल करतात. कोच नाही, शिट्टी नाही, रांगेत उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणं नाही. गांधी मैदानाची आठवण येते म्हणून मी मुलाला तिथं घेऊन जायला लागले. तिथं त्याच्याच वयाचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. मी तालमीच्या गावात वाढले आहे, पोरगा बघून मला कळतं. चेंडू यायच्या आधी तो मान वळवून मागं बघायचा, प्रत्येक वेळी. ही सवय माझ्या मुलाच्या कोचनं तीन वर्षं सांगूनही आमच्या संघात दोघांनाच लागली आहे.

मी त्याच्या आईवडिलांशी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलले आणि त्याला क्लबच्या चाचणीला घेऊन गेले. क्लबला तो आवडला, खरंच आवडला. फीत सवलत देऊ म्हणाले. त्यासाठी अर्ज: दोन वर्षांचं टॅक्स रिटर्न, पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा पुरावा. कागद म्हटलं की ते कुटुंब दोन पावलं मागं सरतं; का, ते या दिवसांत मी समजावून सांगायला नको. ती अडचण एका भल्या माणसानं बाजूला केली. मग उरला सराव. आठवड्यात तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच वाजता, चौदा मैलांवर, जिथं बस जात नाही. बाप हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आई संध्याकाळी ऑफिसं साफ करायला. सहा आठवडे मीच त्याला न्यायचे-आणायचे. मागच्या सीटवर तो आणि माझा मुलगा चिप्सच्या एका पिशवीवर भांडायचे. मग तिमाहीचे हिशेब आले, मला दोन वेळा जमलं नाही, तिसऱ्या वेळी त्याच्या वडिलांनी फोन करून फार नम्रपणे सांगितलं की आता नको, ताई. 'सेन्योरा' म्हणाले, पण मला ऐकू आलं ते ताईच.

एका आईच्या गाडीवर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. यात दोष माझाही आहे, पण माझ्यावर देशाचा संघ उभा करायची जबाबदारी नाही. ती तुमच्यावर आहे.

क्लिंट डेम्प्सीची गोष्ट तुम्ही अभिमानानं सांगता. टेक्सासमधल्या नॅकोडोचिसच्या ट्रेलर पार्कातला मुलगा, मेक्सिकन स्थलांतरितांच्या पोरांबरोबर धुळीत शिकलेला. डलासच्या क्लबात खेळायला घरच्यांनी त्याला तीन-तीन तास गाडी चालवून नेलं. बहिणीच्या टेनिसचा खर्च आणि याच्या सॉकरचा खर्च दोन्ही झेपेना, तेव्हा त्याला खेळ सोडावा लागला. संघातल्या इतर पालकांनी हातभार लावल्यावर तो परतला. देशासाठी त्यानं ५७ गोल केले, लँडन डोनोव्हनच्या बरोबरीनं, पुरुष संघात आजवरचे सर्वाधिक. ही गोष्ट ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. माझ्यातली हिशेबनीस मात्र विचारते, की ज्यांच्या संघात असे पालक नव्हते त्या डेम्प्सींची यादी कुठं आहे?

आता तिसरं, आणि हे जरा किचकट आहे, पण सगळी मेख इथंच आहे. जगभर एक साधा नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेच्या ५ टक्के भाग, वयाच्या १२ ते २३ वर्षांत ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं त्यांच्यात वाटायचा. फिफानं हा नियम २००१ साली आणला. पेनसिल्वेनियातल्या हर्शीचा क्रिस्टियन पुलिसिक २०१९ च्या जानेवारीत जर्मनीतल्या डॉर्टमुंडकडून इंग्लंडमधल्या चेल्सीला ६४ दशलक्ष युरोंना गेला. त्याचे ५ टक्के म्हणजे ३२ लाख युरो. एखाद्या गावच्या क्लबाला यातला लहानसा तुकडा मिळाला, तरी कित्येक पोरं फुकट खेळतील. मग क्लबाला चांगला चेक देणाऱ्या बापापेक्षा चांगलं खेळणाऱ्या पोराची गरज वाटायला लागेल. सगळ्या जगात हे गणित असंच चालतं.

तुम्ही मात्र वर्षानुवर्षं देशातल्या कायद्याकडं बोट दाखवून हात वर केलेत. डीआँड्रे येडलिन २०१४ मध्ये इंग्लंडच्या टॉटेनहॅम क्लबाला विकला गेला, तेव्हा त्याला घडवणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या क्रॉसफायर प्रीमियर या क्लबाला आपला वाटा मागायला थेट फिफाचं दार ठोठवावं लागलं. एमएलएस या इथल्या व्यावसायिक लीगनं २०१९ मध्ये आपल्या अकॅडम्यांसाठी हा हक्क बजावायचं ठरवलं, तो शहाणपणा त्यांना सुचला. पण देशातल्या देशात, गावच्या क्लबानं घडवलेला मुलगा एमएलएसच्या अकॅडमीनं उचलला, तर त्या क्लबाच्या हाती बंधनकारक असं काय पडतं? पाठीवर थाप.

एमएलएसच्या अकॅडम्या मुलांना फुकट शिकवतात, हे मी विसरलेले नाही. फिलाडेल्फिया युनियननं न्यू जर्सीच्या मेडफर्डचा ब्रेंडन आरॉनसन घडवला. २०२४ मध्ये याच क्लबाकडून कॅव्हन सुलिव्हन चौदाव्या वर्षी मैदानात उतरला. वॅपिंगर्स फॉल्सच्या टायलर अॅडम्सला रेड बुल्सनं वाढवलं. पण या लीगचे अमेरिकेत क्लब आहेत २७. एवढ्या खंडप्राय देशात २७ विहिरी, आणि बाकीच्यांनी टँकर विकत घ्यायचा. पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीला जाऊ शकला, कारण आजोबांमुळं त्याला क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला. ज्यांचे आजोबा ओआखाकाचे, किंवा कोल्हापूरचे, त्यांनी काय करायचं?

मुलामुलींच्या लीगच्या नावांबद्दल फार लिहीत नाही. एमएलएस नेक्स्ट, ईसीएनएल, गर्ल्स अकॅडमी, एनपीएल, ईडीपी. प्रत्येक जण आपण 'एलिट' असल्याचं सांगतो. २००७ मध्ये तुम्ही स्वतः डेव्हलपमेंट अकॅडमी नावाची लीग काढलीत, २०२० च्या एप्रिलमध्ये एका झटक्यात बंद केलीत, आणि मोकळ्या झालेल्या रानात ज्यानं त्यानं आपापलं कुंपण घातलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेच्या प्रवेशाइतकी चर्चा याची चालते, आणि मी कबूल करते, 'ए' संघाची बातमी मीही तिथं टाकली. अंगठ्यांचा पाऊस पडला.

चांगलं केलंत तेही सांगते. लहान मुलांचे सामने सातास सात आणि नवास नऊ केलेत, त्यामुळं पोरांच्या पायाला चेंडू लागायला लागला. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायला बंदी केलीत, तेव्हा बाकीचे हसले, पण तुमचं बरोबर होतं. मनात आणलं तर तुम्ही देशभर नियम लागू करू शकता, याचे हे दोन पुरावे. म्हणून 'आमच्या हातात काही नाही' हे उत्तर मी घेणार नाही.

आणि 'पैसे नाहीत' हेही नको. २०१७ च्या ऑक्टोबरात त्रिनिदादमधल्या कुव्हा इथं आपण १-२ हरलो आणि विश्वचषकाबाहेर फेकले गेलो, त्या सुमारास तुमच्या खजिन्यात सुमारे १५ कोटी डॉलरची शिल्लक असल्याचं छापून आलं होतं. जर्मनी युरो २००० मध्ये गटातच गारद झाली, तेव्हा त्यांनी २००२ पासून देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उघडली. आठवड्यातून एकदा, मुलांना फुकट, घरापासून जवळ. बारा वर्षांनी ते जगज्जेते झाले. तुम्ही जॉर्जियात अटलांटाजवळ फेएटव्हिलला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभारलंत, त्यासाठी उद्योगपती आर्थर ब्लँक यांनी ५ कोटी डॉलर दिले. वास्तू देखणी असणार. पण न्यू ब्रन्स्विकच्या त्या पोराला साडेपाच वाजता चौदा मैल जाता आलं नाही, तिथं जॉर्जिया काय सांगता.

आता मागण्या. अवघड नाहीत.

प्रत्येक क्लबानं आपल्या वरच्या आणि खालच्या संघांतल्या मुलांचे जन्ममहिने, नावांशिवाय, दर वर्षी जाहीर करावेत, आणि राष्ट्रीय शिबिरांच्या बाबतीत हेच तुम्ही करावं. महिन्यांचा तक्ता डोळ्यांसमोर आला की कोचलाच लाज वाटेल. उशिरा वाढणाऱ्यांसाठी बेल्जियमसारखे वेगळे संघ काढा. ऑगस्टच्या रेघेवर सापडलेल्या मुलांना त्यांच्या इयत्तेबरोबर खेळायची मुभा सरसकट द्या, क्लबच्या मर्जीवर ठेवू नका.

तुमच्या छत्राखाली खेळणाऱ्या क्लबानं फीमधले किती डॉलर कुठं जातात, हे एका पानावर, हिशेब न कळणाऱ्या माणसालाही कळेल असं लिहून संकेतस्थळावर लावावं. सवलतीसाठी टॅक्स रिटर्न मागणं बंद करा; शाळेत मोफत जेवण मिळत असल्याचा कागद पुरे, आणि तोही नसेल तर शिक्षकाची चिठ्ठी.

राहायच्या हॉटेलाची सक्ती करणाऱ्या स्पर्धांना तुमची मान्यता नको. हे तर उद्या करता येईल.

खेळाडू घडवणाऱ्या क्लबाचा वाटा, देशांतर्गतसुद्धा, मिळवून देणारा नियम करा. कायदा आड येत असेल तर तो नेमका कुठला आणि कसा आड येतो, ते लेखी जाहीर करा. तुमच्याकडं वकील कमी नाहीत.

फुकट प्रशिक्षण केंद्रं काढा, आणि ती तिथं काढा जिथं बस थांबते. न्यू ब्रन्स्विक, पॅटरसन, ट्रेंटन. आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या रविवारच्या बापांतले जे आधीच शिकवतायत त्यांना कोचिंगचे परवाने स्पॅनिशमध्ये आणि विनाशुल्क द्या. मैदानं तयार आहेत, माणसं तयार आहेत, फक्त तुमचा माणूस तिथं कधी आलेला नाही.

शेवटची मागणी तारखेची. १९९४ च्या विश्वचषकात उरलेल्या पैशांतून यूएस सॉकर फाउंडेशन उभं राहिलं आणि आज ते वस्त्यांमध्ये छोटी मैदानं बांधतं. तेव्हाच्या लोकांना ते सुचलं. यंदाचा विश्वचषक ११ जूनला सुरू होतोय आणि अंतिम सामना १९ जुलैला आमच्या ईस्ट रदरफर्डला आहे, माझ्या घरापासून तीस मैलांवर. त्या स्टेडियममधलं कृत्रिम गवत काढून तिथं खरं गवत आणलंय, खास या सामन्यांसाठी. १९ जुलैच्या आत जाहीर करा, की या विश्वचषकातून तुमच्याकडं जे येईल त्यातला किती टक्के भाग बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या फुकट खेळासाठी जाईल. टक्का सांगा, 'वारसा' वगैरे शब्द नकोत.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक पालक
एडिसन, न्यू जर्सी
(मूळची शिवाजी पेठ, कोल्हापूर)
मे २०२६

ता. क. 'ए' संघाच्या फीचा पहिला हप्ता भरायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. भरला. जुलैच्या मित्राच्या आईनं मात्र यंदा भरलेला नाही; त्याला बास्केटबॉलला घालणार म्हणते.